नर्सशी लग्न ठरतंय. ड्युटी सोडून तिचं रोजचं जगणं कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली आहे, नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, तुम्हाला पसंत आहे. आईच्या मनात मात्र रात्रपाळी, सणवार आणि ‘घराकडे लक्ष राहील का’ अशा शंका आहेत. मी मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, बदलापूरला राहते. घरी सासूबाई, नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी. माझ्या आणि माझ्या मैत्रिणींच्या घरात जे पाहिलं त्यावरून सांगते.

आधी झोपेचं सांगते, कारण नर्सच्या घरातलं बाकी सगळं त्यावर उभं असतं. नाइट करून आलेली बाई दिवसा झोपते ती तिची रात्र असते. पण जगाची ती सकाळ असते. सिलिंडरवाला येतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, शेजारची काकू ‘आहे का घरात?’ म्हणून डोकावते, माहेरून फोन येतो. दर वेळी ‘पाचच मिनिटं’ म्हणून उठवलं जातं, आणि त्या पाच-पाच मिनिटांत तिची झोप संपते. त्यातून शरीरही साथ देत नाही. सकाळी घरी येताना डोळ्यांवर ऊन पडलं की मेंदूला वाटतं दिवस सुरू झाला. म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणी नाइटवरून निघताना गॉगल लावतात. लोक बघतात, काहीबाही बोलतात. तुम्ही बोलू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रात्रपाळीच्या कामाला ‘माणसात बहुधा कर्करोगाला कारणीभूत’ अशा गटात ठेवलं आहे. घाबरवायला नाही सांगत. नाइट केली की कर्करोग होतोच असा त्याचा अर्थ नाही. पण सुनेची दिवसाची झोप हे आळसाचं लक्षण मानणाऱ्या घरांना हे माहीत असावं. आमच्या घरी हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. माझी नाइट असली की दाराची बेल बंद, माझा मोबाइल त्यांच्याकडे, आणि कोणीही आलं तरी एकच उत्तर: ‘ती झोपलीय, चारनंतर या.’ पाहुण्यांसमोर हे म्हणताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. मी या नोकरीत टिकले त्यात या वाक्याचा वाटा फार मोठा आहे. लग्नाआधी एक काम करा: बेडरूमला जाड, गडद पडदे लावून घ्या. सोन्याच्या एखाद्या दागिन्यापेक्षा तिला त्याचा उपयोग जास्त होईल.

पाळ्यांचं गणित ठिकाणाप्रमाणे बदलतं. आमच्याकडे मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा तीन पाळ्या. सलग काही नाइट आल्या की मग ऑफ. खासगीत बऱ्याच ठिकाणी बारा-बारा तासांच्या दोनच पाळ्या असतात. तिच्याकडे कसं आहे ते तिलाच विचारा आणि तिचा एका महिन्याचा ड्युटी चार्ट बघायला मागा. पत्रिका बघतो तितक्याच आस्थेने तो बघा. त्यात दिसेल की तिचा रविवार कधी मंगळवारी येतो, कधी शुक्रवारी. शिवाय ड्युटी संपली म्हणजे सुटली असं नसतं. पुढच्या पाळीची नर्स येऊन ओव्हर घेईपर्यंत वॉर्ड सोडता येत नाही. कोणाचं सलाइन किती राहिलंय, कोणाला रक्त चढवायचंय, कोणाचा रिपोर्ट यायचाय, हे एकेका खाटेपाशी उभं राहून सांगावं लागतं. ती आलीच नाही तर डबल ड्युटी. त्यामुळे ‘आठला सुटतेस ना, मग साडेआठला लग्नाला पोहोच’ हे आमच्याबाबतीत जमत नाही.

आता आईंच्या रात्रीच्या शंकेबद्दल. ती आजची नाही. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन उभं राहिलं आणि तिथून बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला जाऊ लागल्या. बाईने रात्री घराबाहेर राहायचं, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, हे त्या काळच्या समाजाला पटणारं नव्हतं. त्या बायकांनी ते ऐकून घेतलं आणि काम केलं. आईंना सांगा, रात्रीच्या वॉर्डात दोन नर्स आणि चाळीस-पन्नास पेशंट असणं नवलाचं नाही. दर थोड्या वेळाने कोणाचं तरी बीपी, कोणाचा तरी ऑक्सिजन, कोणी उलटी केली, कोणी सलाइनची सुई ओढून काढली. दोन घास खायला मिळाले तर रात्र चांगली गेली म्हणायचं. काळजी करायचीच असेल तर तिच्या जाण्यायेण्याची करा. नाइटला जाताना आणि इव्हिनिंग संपवून येताना ती कशी येते, रुग्णालयाची गाडी आहे का, रिक्षा मिळते का, हे बघा. माझा नवरा इव्हिनिंगच्या दिवशी स्टेशनवर न्यायला येतो. पावसाळ्यात गाड्या कोलमडल्या की दोन-दोन तास थांबलेला आहे.

सणांचं खरं तेच सांगते. सगळे सण मिळत नाहीत. पण आमची आपसांत एक व्यवस्था असते. ख्रिश्चन सिस्टर, त्यात मल्याळी पुष्कळ, दिवाळीत आमच्या ड्युट्या घेतात. नाताळात आम्ही त्यांच्या. कोकणातल्या मुली गणपतीची सुट्टी मागतात, मग त्या नवरात्रात आणि दिवाळीत उभ्या राहतात. वॉर्डची इन्चार्ज सिस्टर समंजस असली तर चार्ट लावतानाच हे सगळं धरते. तुमच्याकडे एखादा सण टाळताच येणार नाही असा असेल, समजा गौरी उभ्या राहतात, तर तिला आधीच सांगा. वर्षाला एक सण तिला नक्की मागून घेता येईल. सगळेच मागू नका. लक्ष्मीपूजन संध्याकाळी जमलं नाही तर ती इव्हिनिंग करून आल्यावर पुन्हा एकदा दिवा लावा, फराळाचं ताट वाढा. आम्ही तसंच करतो, आणि मुलीला दोनदा फुलबाज्या मिळतात म्हणून तिला त्याचं कौतुकच आहे.

बांगड्यांचा विषयही लग्नाआधी काढा, कारण यावरून मी घरं रुसलेली पाहिली आहेत. वॉर्डात, विशेषतः आयसीयूत आणि ऑपरेशन थिएटरमध्ये, कोपराखाली हात मोकळे लागतात. बांगड्या नाहीत, अंगठी नाही, नखं वाढवायची नाहीत. लग्नाचा हिरवा चुडा ड्युटीवर उतरवावाच लागेल. लांब मंगळसूत्र पेशंटवर वाकताना लोंबतं, काही पेशंट झटापटीत धरून ओढतात, म्हणून ते युनिफॉर्मच्या आत पिनने अडकवतात किंवा छोटं घालतात. यात अपशकुन काही नाही. दागिन्यांच्या फटींत जंतू राहतात आणि ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात, एवढंच कारण. घरी आल्यावर ती सरळ बाथरूममध्ये जाईल, युनिफॉर्म वेगळा भिजवेल आणि मगच कोणाला जवळ घेईल. कोरोनाच्या काळात तर मैत्रिणी महिना-महिना लेकरांना दुरून बघत होत्या. काहींना घरमालकांनी घर सोडायला सांगितलं होतं. एप्रिल २०२०मध्ये सरकारने साथरोग कायद्यात वटहुकमाने बदल करून आरोग्य कर्मचाऱ्यांना असा त्रास देणं दखलपात्र गुन्हा केला, तेव्हा कुठे थोडा वचक बसला.

एक गोष्ट नवऱ्याला माहीत असायलाच हवी. कामात कधी वापरलेली सुई टोचते. आम्ही त्याला प्रिक म्हणतो. असं झालं तर एचआयव्हीपासून बचावाची औषधं लवकरात लवकर, शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. त्यांनी मळमळतं, अंगात त्राण राहत नाही. पुढच्या रक्ततपासण्या पूर्ण होईपर्यंत नवराबायकोच्या संबंधांत निरोध वापरावा लागतो. अशा वेळी ती आधीच घाबरलेली असते. तिला त्या दिवसांत प्रश्न विचारणारा नवरा नको, औषधाची वेळ लक्षात ठेवणारा हवा. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस झालेत का, हेही लग्नाआधी मोकळेपणाने विचारा.

रुग्णालयाबाहेर नर्स कोण असते, हे तुम्ही विचारलंय. खरं सांगायचं तर बाहेर तिला नर्सपण उतरवू दिलं जात नाही. बिल्डिंगमधले लोक इंजेक्शन टोचून घ्यायला येतात. मावससासूचे रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येतात. नात्यात कोणी अॅडमिट झालं की ‘तुला तर सवय आहे’ म्हणून रात्री बसायला तीच. सवय आहे म्हणजे थकत नाही असं नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय इंजेक्शन द्यायचं नसतं, पण नाही म्हटलं तर शिष्ट ठरते. हे ‘नाही’ तिच्या वतीने तुम्ही म्हणायला शिका. घरच्या आजारपणात ती धावेलच, तिला सांगावं लागणार नाही. पण आठ तास चाळीस जणांचं करून आल्यावर एकेचाळिसावाही तिचाच, असं गृहीत धरू नका.

आणि मैत्रिणी. यावर मी जरा जास्त बोलेन, कारण नवऱ्यांना हे उशिरा कळतं. ज्यांचा रविवार मंगळवारी येतो त्यांची मैत्री ज्यांचा मंगळवारी येतो त्यांच्याशीच होते. शाळेतल्या मैत्रिणींचे कार्यक्रम चुकत जातात, हळूहळू बोलावणी थांबतात. मग वॉर्डच घर होतो. रात्री बाराला चार डबे उघडतात, त्यात मालवणचं सुकं, लातूरचं भरलं वांगं आणि केरळची पुळीशेरी एकाच ताटात येते. ड्युटीरूममध्ये डोहाळजेवणं होतात, भिशी लागते. कोणीतरी ड्रेस मटेरियल आणून हप्त्याने देते. कोणाचा नवरा दारू पितो, कोणाच्या मुलाला दहावीला गणित जड जातंय, हे सगळ्यांना माहीत असतं. ट्रेनमध्ये नाइटवरून परत येताना आमच्यापैकी कोणाला झोप लागली तर डब्यातल्या बाकीच्या बदलापूर आल्यावर उठवतात, नाहीतर थेट कर्जत.

हे नातं किती खोल जातं, याचं उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. अरुणा शानबाग तिथे नर्स होत्या. लग्न ठरलेलं होतं. २७ नोव्हेंबर १९७३ला ड्युटी संपवून कपडे बदलायला गेल्या असताना रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यानंतर १८ मे २०१५ला मृत्यू होईपर्यंत त्या तिथेच होत्या, आणि त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं नर्सच करत राहिल्या. त्यातल्या कितीतरी जणी त्या घटनेनंतर जन्मलेल्या होत्या. २०११ साली दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. तुमच्या होणाऱ्या बायकोच्या फोनवर रात्री अकराला ‘सिस्टर’ नावाच्या कोणाचा फोन आला तर उचलू द्या.

कधीकधी ती गप्प येईल. त्या दिवशी वॉर्डात कोणीतरी गेलेलं असतं, आणि शेवटचं अंग पुसून, कापसाचे बोळे लावून, चादरीत बांधून तिने ते नातेवाइकांच्या ताब्यात दिलेलं असतं. गेलेलं लहान मूल असेल तर सावरायला दोन-तीन दिवस लागतात. काही विचारू नका. चहा द्या. बोलायला लागली तर टीव्ही बंद करून ऐका.

पैशाचं आणि रजेचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली लहान, ५० खाटांच्या आतल्या खासगी रुग्णालयांतही नर्सला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. तेवढेही न देणारी ठिकाणं आहेत. म्हणून खासगीतल्या मुली सरकारी भरतीचा अभ्यास करतात, काही जणी नाइटनंतर जर्मनच्या क्लासला जातात, कारण जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-२ पातळीची, म्हणजे बऱ्यापैकी सफाईने बोलता येईल इतकी भाषा लागते. ती असा काही अभ्यास करत असेल तर घरातली संध्याकाळची पोळीभाजी तुम्ही उचला. बाळंतपणाची रजा खासगीतही पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी आहे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोयही कायद्याने द्यावी लागते. मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही, तेव्हा तिच्यासोबत तुम्हीही हे वाचून ठेवा.

‘लग्नानंतर नोकरी सोडेल का’ हा प्रश्न आईंना बघण्याच्या कार्यक्रमात विचारू देऊ नका. तीन वर्षं हॉस्टेलमध्ये राहून, पहाटेच्या पोस्टिंग करून तिने महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मिळवलेला आहे. तो प्रश्न ऐकून माझ्या दोन मैत्रिणी उठून आत गेल्या होत्या, आणि मला त्यांचा अभिमान आहे.

जमलं तर लग्नाची तारीख दोन महिने आधी ठरवा, म्हणजे तिच्या इन्चार्जला चार्ट लावता येईल. तिच्या वॉर्डातल्या सगळ्या जणी एका वेळी येऊ शकणार नाहीत. निम्म्या हळदीला येतील, निम्म्या मॉर्निंग संपवून थेट जेवणाला. ज्या त्या दिवशी ड्युटीवर असतील त्यांच्यासाठी लग्नाच्या जेवणाचे डबे वॉर्डात पाठवा. केटरर्सना आधी सांगून ठेवा.