आधी पाण्याचा हिशेब, मग कामांची यादी

ग्रामपंचायत विकास आराखडा, म्हणजे आपला ‘आमचं गाव, आमचा विकास’, आणि बिघडलेलं पाऊसमान यांची सांगड कशी घालायची, याबद्दल नाशिक जिल्ह्यातून आलेले काही प्रश्न या वेळी घेतो.

प्रश्न : सिन्नर तालुक्यात मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आराखड्यात दरवर्षी पेव्हर ब्लॉक, कमान, सभामंडप. गावविहिरीच्या पुनर्भरणाचं नाव काढलं की भाऊसाहेब म्हणतात, ‘त्याला हेड नाही.’ खरंच नाही का?

आहे की! हेड म्हणजे ज्या लेखाशीर्षातून खर्च टाकायचा ते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामपंचायतींच्या निधीचे ६० टक्के बंधित (ठरवून दिलेल्या कामांसाठीच) आणि ४० टक्के अबंधित असे भाग पाडले. बंधितातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. गावविहिरीचं पुनर्भरण त्यात सरळ बसतं. कमान मात्र बसत नाही. पेव्हर ब्लॉक बहुतेकदा ‘पंचवीस-पंधरा’तून, म्हणजे राज्याच्या ग्रामविकास खात्याच्या २५१५ या लेखाशीर्षातून येतात आणि ते वर ठरतं, तिथे ग्रामसभेला फारसं कुणी विचारत नाही. तुमच्या गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर लॉगिन न करता दिसतो. त्याची प्रिंट काढून मासिक सभेला घेऊन जा. कागद समोर ठेवला की ‘हेड नाही’ म्हणणं अवघड होतं.

प्रश्न : देवळा तालुक्यातल्या आमच्या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडला. भिंतीवर बोर्डही रंगवून झाला. आता पुढे काय?

बहुतेक गावं बोर्डापाशीच थांबतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा शिवार ६०० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. म्हणजे शिवारात पडले ३०० कोटी लिटर. ऐकायला भरपूर वाटतं, पण आपल्याकडच्या काळ्या पाषाणात ढोबळमानाने दहावा हिस्सा मुरतो असं धरलं तर हाती राहतात ३० कोटी. लोकसंख्या दोन हजार, माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाचं पिण्या-वापरायचं पाणी होतं सुमारे ४ कोटी. उन्हाळ कांद्याला एकरी साधारण २५ लाख लिटर लागतात. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षाचं पाणी फक्त सोळा एकर कांद्याएवढं! उरलेल्या २६ कोटींत शंभरेक एकर कांदा निघेल, आणि शिवार आहे दीड हजार एकरांचं. यात गुरांचं पाणी धरलेलं नाही आणि बंधाऱ्यात अडलेलंही नाही. ते तुमचे आकडे तुम्ही घाला.

हा हिशेब मेमध्ये मांडून उपयोग नाही, तोवर कांदा काढून झालेला असतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडा. तेव्हा उन्हाळ कांद्याचं रोप टाकायचं असतं आणि पुढच्या वर्षाच्या आराखड्याचंही तेव्हाच सुरू होतं. मग कुठला पाझर तलाव आधी दुरुस्त करायचा, यावरचा वाद निदान आकड्यांवर होतो. एक काम तर बिनपैशाचं आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. तुमच्या गावात हे पाळलं जातं का, ते आधी बघा. शेजाऱ्याला बोअर घेऊ नको म्हणणं निधी मिळवण्यापेक्षा जड जातं, याची मला कल्पना आहे.

प्रश्न : आमचा पाडा सुरगाणा तालुक्यात, मुख्य गावापासून लांब. पावसाळ्यात धो धो पाऊस, एप्रिलमध्ये झऱ्यावर रात्रीची रांग. ग्रामसभा तिकडे भरते, बायका जात नाहीत. आमचं कोण ऐकणार? (बचत गटाच्या एक ताई)

ताई, सुरगाणा तालुका पूर्णपणे पेसा क्षेत्रात आहे (पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा), आणि तुमच्या हातात इतरांपेक्षा जास्त आहे. २०१४ च्या राज्य नियमांप्रमाणे पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो. पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून तो प्रांत कार्यालयात द्यायचा. गाव जाहीर झालं की ग्रामसभा पाड्यातच भरते. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला येतो आणि तो कशावर लावायचा हे ग्रामसभा ठरवते. जलसंधारण त्यात चालतं. झऱ्याला बांध घालून खाली झाकणबंद टाकी केली की रात्रभर झिरपणारं पाणी टाकीत साठतं आणि हंडे सकाळी भरता येतात.

याला वेळ लागेल. तोवर महिला सभा सोडू नका. ग्रामसभेच्या आधी ती घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तिथे झऱ्याचा ठराव करा आणि इतिवृत्ताची नक्कल मागून घ्या.

प्रश्न : निफाडमध्ये द्राक्षबाग आहे. गारपिटीसाठी प्लास्टिक आच्छादनाला ग्रामपंचायत पैसे देईल का?

नाही. वैयक्तिक लाभाचं काम कृषी खात्याकडे. पोकराच्या, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात नाशिक जिल्हा आहे. तुमचं गाव यादीत आहे का, ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

प्रश्न : आमच्याकडे सभा तहकूब होते आणि सह्या नंतर घरोघरी फिरून घेतात. मग लोकसहभाग हे परदेशी खूळच नाही का? (बागलाण)

ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये लोकांना अंदाजपत्रक ठरवायला बसवलं, ते खरं. पण तुम्ही मोसम खोऱ्याच्या अंगणात राहता! नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी घ्यायच्या तिथल्या जुन्या फड पद्धतीत कुठल्या फडाला (शेतांच्या गटाला) पाणी, कुठला यंदा कोरडा, हे शेतकरी मिळून ठरवायचे आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला सगळे मिळून पोसायचे. पाणी कमी असेल तर तोटा वाटून घ्यायचे. दिंडोरीच्या वाघाड धरणावर तर पाणीवापर संस्थांनी अख्ख्या प्रकल्पाचा कारभार हाती घेतला, पाणी मोजून घेतलं आणि पट्टी भरली.

सह्यांचं म्हणाल तर ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी ते हजर लागतात. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही आणि सगळी हुशारी तिथेच चालते. म्हणून पहिल्याच सभेला शंभर माणसं न्या. ठराव लिहिताना ‘जलसंधारणाची कामे करणे’ एवढ्यावर सोडू नका. गट नंबर, अंदाजे रक्कम, कुठल्या वस्तीला फायदा आणि काम कधीपर्यंत, एवढं तरी त्यात हवंच. इतिवृत्त सभेतच वाचून घ्या, मगच सही करा.