विशेष शिक्षणात एम.एड. करू पाहणाऱ्या मुलीस

नागपूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या शिक्षणात पुढे शिकायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. अर्ज भरण्याआधी एक गोष्ट मात्र पक्की करून घे, कारण इथे झालेली चूक दोन वर्षांनी लक्षात येते. साधं एम.एड. आणि एम.एड. विशेष शिक्षण या दोन वेगळ्या पदव्या आहेत. पहिलीला मान्यता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, दुसरीला भारतीय पुनर्वसन परिषदेची. साध्या एम.एड.मध्येही समावेशित शिक्षणाचा (विशेष गरजा असणाऱ्या मुलांना इतरांसोबत त्याच वर्गात शिकवण्याचा) पेपर असतो, पण त्याच्या जोरावर पुनर्वसन परिषदेत विशेष शिक्षक म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय ते काम करणं परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. विशेष एम.एड.साठी आधी बी.एड. विशेष शिक्षण लागतं, किंवा साध्या बी.एड.च्या जोडीला विशेष शिक्षणातली मान्यताप्राप्त पदविका. परिषदेच्या यादीत महाविद्यालयाचं नाव दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. शाखा कोणती (बौद्धिक अक्षमता, श्रवण, दृष्टी, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता), जागा किती आणि मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत, हे तिन्ही बघ. मान्यता मुदतीची असते.

कायद्याचे आकडे एकदाच नीट पाठ कर. १९९५ च्या अपंग व्यक्ती हक्कांच्या कायद्यात सात प्रकारच्या अक्षमता होत्या, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत, आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता त्यात आल्या. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंतचा. पण ४० टक्के किंवा त्याहून जास्त अक्षमता असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क १८ वर्षांपर्यंत आहे. हा फरक पालकांना सहसा कुणी सांगत नाही. तू सांग.

‘शिक्षणाची अधिष्ठानं’ हा पेपर मुलं कसाबसा उरकतात. तसं करू नकोस. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यातला मुद्दा असा की सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो आणि बहुजनांचं प्राथमिक शिक्षण तसंच राहतं. कोण वर्गाबाहेर राहतं आणि का, हा आपल्या विषयाचा पहिला प्रश्न तिथेच विचारला गेला आहे. वर्धा तर आपल्याला जवळ. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने काम हे शिकण्याचं माध्यम मानलं. आपल्या विशेष शाळांतल्या पूर्वव्यावसायिक वर्गाला ही फूटपट्टी लावून बघ. मुलांकडून कागदी पाकिटं करून घेणं म्हणजे नयी तालीम (गांधीजींची कामातून शिकवण्याची पद्धत) नव्हे. पाकीट करताना मोजणं, जुळवणं, ‘संपलं, आणखी दे’ म्हणणं शिकवलं जातंय का, ते पाहा.

चाचण्यांचा इतिहास शिकताना तर नागपूर हमखास भेटेल. वाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचं (मूल रोजची कामं स्वतः किती करतं, हे मोजणाऱ्या चाचणीचं) भारतीय रूपांतर आर्थर मालिन यांनी नागपुरात केलं, मुलांसाठीची मालिन बुद्धिमापन श्रेणीही इथलीच. देशभर बौद्धिक अक्षमतेच्या मूल्यमापनात ‘वाइनलँडचं नागपूर रूपांतर’ अजून वापरतात. त्यात ८९ बाबी आहेत, वय जन्मापासून १५ पर्यंत, आणि माहिती मुख्यतः पालकांना विचारून घ्यायची. चूक होते ती विचारण्यातच. ‘स्वतः कपडे घालतो का?’ असं विचारलं की आई ‘हो’ म्हणते, कारण हात बाहीत तोच घालतो. बटणं ती लावते. त्यापेक्षा विचार, ‘काल सकाळी शाळेत निघताना शर्ट कसा घातला, पहिल्यापासून सांगा. बटणं कुणी लावली? उलटसुलट कसं कळलं?’ उत्तर वेगळं येईल आणि गुणही बदलतील. ‘अधूनमधून छोटी पत्रं लिहिणं’ अशीही एक बाब त्यात आहे. आज पत्र कोण लिहितं? मूल मामाला मोबाइलवर निरोप पाठवत असेल, तर गुण देताना श्रेणीचा नियम मोडू नकोस, पण अहवालात ते स्वतंत्र वाक्यात लिही. जुनी चाचणी वापरणाऱ्याला तिचं जुनेपण माहीत असावं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मुलाला नाव चिकटवण्याआधी नोंद कर. ‘लक्ष देत नाही’, ‘स्लो लर्नर आहे’ ही नोंद नव्हे, तो निकाल झाला. नोंद अशी असते: ‘१०.४० ते १०.५०. फळ्यावरून उतरवणं. सहा वेळा वर पाहिलं, चार वेळा शेजारच्याच्या वहीत, दोन वेळा फळ्याकडे, डोळे बारीक करून. दोन वाक्यं लिहून झाली, तिसरं अर्धं.’ ही वाचली की पहिला प्रश्न डिस्लेक्सियाचा (वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेचा) उरतच नाही, चष्म्याचा येतो. कानाचंही तसंच. कान वाहणाऱ्या मुलाला सर्दीच्या दिवसांत कमी ऐकू येतं आणि बरं वाटलं की चांगलं येतं. अशा मुलाबद्दल शिक्षक म्हणतात, ‘मनात आलं की बरोबर ऐकतो.’ डोळे आणि कान तपासल्याशिवाय कुठलीही शैक्षणिक चाचणी हातात घेऊ नकोस.

त्यानंतर भाषा. आपल्या शहरात घरी हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारं मूल मराठी शाळेत असतं, रामटेककडे गोंडी बोलणारंही. असं मूल ‘शाळा’चं ‘शाला’ वाचतं, ‘माझी पुस्तक’ म्हणतं. हिंदीत ‘ळ’ नाही, नपुंसकलिंग नाही आणि पुस्तक स्त्रीलिंगी आहे. ‘तो खेळून राहिला’ हे तर नागपुरी मराठीच आहे. यातलं काहीच अक्षमतेचं लक्षण नाही. शंका तेव्हा घ्यावी, जेव्हा अडचण घरच्या भाषेतही दिसते. ‘बदक’मधला ‘ब’ काढला तर काय उरलं, हाच प्रश्न त्याच्या भाषेतल्या शब्दावर विचार. तोंडी प्रश्नातही ते पुन्हा पुन्हा अडखळलं, तर पुढची पायरी.

इंग्रजी पुस्तकांतली ‘बी’-‘डी’ उलटी लिहिण्याची यादी देवनागरीला फारशी कामाची नाही. आपल्याकडे मूल अडतं ते घ-ध, भ-म, थ-य यांत, आणि पहिल्या वेलांटीत: ‘किती’मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, तिचा उच्चार मात्र ‘क’नंतर. सगळ्यात कठीण ‘र’. राम, सूर्य, चक्र, राष्ट्र, वाऱ्यावर: एकच अक्षर पाच वेषांत. चुका मोजताना ‘जोडाक्षरं चुकतात’ असं एकगठ्ठा लिहू नकोस. रफार (‘सूर्य’मधला) किती, रकार (‘चक्र’मधला) किती, हे वेगळं मोज. मग त्या मुलाच्या शिक्षण आराखड्यातलं उद्दिष्टही नेमकं होतं. ‘वाचन सुधारेल’ऐवजी ‘रफार असलेल्या दहा न पाहिलेल्या शब्दांपैकी आठ, मदतीशिवाय, सलग तीन दिवस’. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सिया ओळखण्याची चाचणी मराठीत आहे, ती शीक. पण तिच्यातला शिक्षकांसाठीचा भाग ही चाळणी आहे. चाळणीवरून पालकांना ‘तुमच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे’ असं सांगायचं नाही. निदान आणि प्रमाणपत्र रुग्णालयातल्या तज्ज्ञांचं काम.

प्रबंधाबद्दल माझं मत ठाम आहे. ‘समावेशित शिक्षणाबाबत शिक्षकांची अभिवृत्ती’ हा विषय घेऊ नकोस. शंभर शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, शहरी-ग्रामीण तुलना करायची, आणि एकाही मुलाला त्यातून काही मिळत नाही. तीन मुलं घे, एकच कौशल्य घे, आणि बहुआधाररेषा आराखडा वापर. शिकवणं सुरू करण्याआधी प्रत्येकाची निदान पाच दिवसांची आधाररेषा, म्हणजे शिकवण्याआधीची पातळी, नोंद. दुसऱ्याचं शिकवणं पहिल्याची प्रगती दिसल्यावर, तिसऱ्याचं त्यानंतर. बहुतेकांचं बिघडतं ते आधाररेषेत: घाईने दोनच दिवस मोजतात, मग सुधारणा शिकवण्याने झाली की सरावाने, हे सांगता येत नाही.

वेळापत्रक विदर्भाचं धर. शाळा जूनअखेर उघडतात, पहिले काही दिवस पुस्तकवाटप आणि पटनोंदणीत जातात. पोळा-तान्हा पोळा, मारबत, मग दिवाळीची सुटी. खेड्यात कापूस वेचणी सुरू झाली की मोठी मुलं शाळेत कमी दिसतात. मार्चपासून सकाळपाळी, तेव्हा तासिका आखूड होतात आणि आधीच्या नोंदींशी तुलना जुळत नाही. म्हणून परवानगी आणि पालकांची लेखी संमती जुलैत, आधाररेषा पोळ्यानंतर, आणि सगळं मोजमाप फेब्रुवारीच्या मध्याआधी पूर्ण. संमतीपत्र पालकांना वाचून दाखव, त्यांच्या भाषेत.

वर्ग मिळाला की पहिला आठवडा कुठलीही चाचणी न काढता मागच्या बाकावर बस आणि फक्त लिही. त्यातली तीन पानं मला पाठव. जिथे जिथे विशेषण आलं असेल, तिथे खालून रेघ मारून परत पाठवीन.

तुझी हितचिंतक