येताना थांबू

"मॅडम, आता घरात दोघंच. आणि बोलायला काही उरलंच नाही." सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत साठी उलटलेली जोडपी येतात, ती बहुतेक हेच वाक्य घेऊन. मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला. ह्यांचा टीव्ही हॉलमध्ये, हिचा मोबाईल स्वयंपाकघरात. हे इतक्यांदा ऐकलंय की एका जोडप्याबद्दल लिहायचं ठरवलं. दोघांची परवानगी आहे, ओळख पटेल ते बदललं आहे.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त, काकू जिल्हा परिषदेच्या शाळेतून. लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून फेब्रुवारीत स्वतःच्या गाडीनं राजस्थानचं वाळवंट बघून आले. जाताना पुणे, अहमदाबाद, बारमेर, जैसलमेर. येताना जोधपूर, उदयपूर. अकरा दिवस. परत आल्यावर काकूंनी आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं.

"भांडण झालं का वाटेत?" मी विचारलं.

"भांडायला बोलावं लागतं," काकू म्हणाल्या.

पहिल्या तीन भेटी काकाच बोलले. जैसलमेरचा किल्ला ११५६ चा, पिवळ्या दगडाचा, आत अजून माणसं राहतात. समच्या वाळूच्या टेकड्या शहरापासून ४० किलोमीटर. सगळं तोंडपाठ. काकू पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

चौथ्या भेटीत मी काकांना थांबवलं. "काकू, त्या अकरा दिवसांत तुम्हाला कुठं थांबायचं होतं?"

उत्तर तयारच होतं. "बारमेरच्या अलीकडं. रस्त्याकडेला खेजडीच्या झाडाखाली दोघी बायका वाकळ शिवत बसलेल्या. तिकडं रल्ली म्हणतात, नंतर मी मोबाईलवर बघितलं. टाका आपल्यासारखाच, पण कापडाचे तुकडे कसे जोडलेत ते बघायचं होतं. म्हटलं, अहो, थांबा की जरा. हे म्हणाले, येताना थांबू."

"मग?"

"येताना दुसऱ्या रस्त्यानं आलो."

काका खाली बघत राहिले. काकूंचं संपलं नव्हतं. "आणि खडीन बघायला मला तासभर उन्हात उभं केलंत, ते?"

काकांचा चेहरा उजळला. "अहो मॅडम, उताराच्या पायथ्याला मातीचा बांध घालायचा, पावसाचं पाणी अडवायचं. ते जिरलं की त्याच ओलीवर गहू, हरभरा! तिथल्या पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी..."

"बघा," काकू मला म्हणाल्या.

खरं सांगते, त्या क्षणी मी मनानं काकूंच्या बाजूची झाले होते. समुपदेशकानं असं होऊ नये, पण होतं. तरी एक गोष्ट मला खटकत होती. एवढी नोंद ठेवणारा माणूस नुसते किलोमीटरच कसे मोजेल? मी काकांना प्रवासाची डायरी आणायला सांगितली.

लाल पुठ्ठ्याची डायरी. वेळ, किलोमीटर, डिझेल. आणि शेवटच्या रकान्यात ठिकठिकाणी नुसतं 'क'.

"हे क म्हणजे काय?"

काका घुटमळले. "कमोड. हिचे गुडघे वाकत नाहीत. दर दोन तासांनी बरा कमोड कुठल्या पंपावर, कुठल्या हॉटेलात, ते आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं."

काकूंनी चष्मा लावला, डायरी मांडीवर घेतली. पानं उलटत गेल्या. मी मुद्दाम गप्प बसले. माझ्या कामातलं हेच मला सगळ्यात अवघड जातं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "म्हणून सारखं विचारत होता होय, जायचंय का, जायचंय का. मला वाटलं, घाई लावताय. मी पाणीच पीत नव्हते." समला संध्याकाळी त्यांना चक्कर आली होती. काकांनी खापर उंटावर फोडलं होतं.

मग २०१९ चा पूर निघाला. काका तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून तासातासाला घरी फोन करायचे आणि फक्त आकडा सांगायचे. "५० झालं." धोक्याची पातळी ४५ फूट, हे सांगलीत शाळेतल्या पोराला पण ठाऊक. काकूंना वाटायचं, हे घरात पण ऑफिस चालवतात. काका कुणाच्याही काळजीनं कासावीस झाले की आकड्यात बोलतात, हे ४० वर्षांत कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं.

जॉन गॉटमन या अमेरिकन संशोधकांची पद्धत मला जवळची वाटते. मोठ्या भांडणांपेक्षा ते बारक्या हाकांकडे बघतात. "ते बघ" ही हाक, "थांबा की जरा" ही पण हाक. नवविवाहित जोडप्यांच्या त्यांच्या अभ्यासात सहा वर्षांनी एकत्र असलेली जोडपी ८६ टक्के हाकांना ओ देत होती, वेगळी झालेली ३३ टक्के. नकार निदान ऐकू तरी येतो. 'येताना थांबू' हे मात्र हो वाटतं आणि तिथंच विरून जातं. ४० वर्षांत त्याचा ढीग होतो.

म्हणून बोलायला काही उरलं नाही म्हणणाऱ्यांना मी आधी विषय शोधायला लावत नाही. आज कोण कुणाला काय म्हणालं आणि पुढं काय झालं, एवढंच आठवायला लावते. प्रवासाला निघणार असाल तर दिवसातला एक थांबा तिचा, एक त्यांचा, आणि त्यावर 'कशाला?' विचारायचं नाही. ती वाकळ बघेल, ते बांध बघतील. कमोडचं मोकळेपणानं बोला; लाजेपोटी पाणी कमी पिणाऱ्या बायका मी खूप बघितल्यात, वाळवंट तर सोडाच, कोल्हापूरला जाताना सुद्धा. आणि "हे कशासाठी करताय?" हे एकदा तरी विचारा, चिडून नव्हे.

सहाव्या भेटीला दोघं उशिरा आली. हरभट रोडवर काकूंना कापडाच्या दुकानात थांबायचं होतं. मांडीवर पिशवी, पिशवीत चिंध्या. निघताना मी विचारलं, बारमेरला परत जाणार का?

"बारा-तेराशे किलोमीटर कोण जातंय पुन्हा," काकू म्हणाल्या.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी डायरी काढली होती आणि तिच्यात काहीतरी लिहीत होते.