भाड्याच्या डॉग पार्कमध्ये पहिल्यांदा जाताना

भाड्याचं डॉग पार्क म्हणजे ठरावीक वेळेपुरती फक्त आपल्या कुत्र्यांसाठी घेतलेली कुंपणाची मोकळी जागा. दोन कुत्र्यांना घेऊन पहिल्यांदाच जाताय, तर आधी दोघांना पट्ट्यावरच ठेवून कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी मारा. जाळीखाली उकरलेली जागा, फाटकाची सैल कडी, वर आलेली तार लांबून दिसत नाही, वाकून बघावं लागतं. ज्या फटीतून डोकं जातं, तिथून बहुतेक वेळा अख्खं कुत्रं निसटतं. फेरी मारताना त्यांचं हुंगणं आणि शी-शूही उरकते.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- फाटकाची कडी लागली का हे न बघताच पट्टा काढणं.
- फक्त निघतानाच हाक मारणं. मग 'ये' म्हणजे खेळ संपला, हे कुत्रं लगेच शिकतं. मधेमधे बोलवा, खाऊ द्या आणि परत सोडा. हे सगळ्यात महत्त्वाचं!
- भरपेट जेवू घालून लगेच पळवणं.
- दोघांत एकच चेंडू. भांडणं इथूनच सुरू होतात.

हाकेला येण्याची खात्री नसेल, तर १० मीटरचा लांब पट्टा हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) लावून सोडा, गळपट्ट्याला नको. पळता पळता हिसका बसला तर मान दुखावते.

तुमच्याआधी तिथे दुसरी कुत्री येऊन गेलेली असतात, म्हणून लसी वेळेवर हव्यात. पाणी घरून न्या, डबक्यातलं पिऊ देऊ नका, त्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. घरी आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा.

वेळ संपायच्या १० मिनिटं आधीच आवरा. बरेच जण बुजऱ्या कुत्र्यासाठीच अशी जागा घेतात, तुमच्यानंतर येणाऱ्या अशा कुत्र्याची फाटकात तुमच्या जोडीशी गाठ पडू देऊ नका.