कापशीसाठी कोणतं झाड?

प्रश्न : ताई, आमची पांढरीशुभ्र मांजर कापशी 12 वर्षं आमच्याकडे होती. गेल्या महिन्यात ती गेली. तिची रक्षा डब्यात जपून ठेवली आहे. गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत ती घालून पांढरी लिली लावावी, असं मनात आहे. घर भाड्याचं आहे. दुसरी मांजर, चिंगी, अजून कापशीला शोधत खोल्याखोल्यांतून फिरते. लावू ना लिली?

उत्तर : लिली नको. चिंगी आहे तोवर फुलदाणीतसुद्धा नको. मांजरांना तिचं पान, पाकळी, देठ सगळंच विषारी. अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कधी असं झालंच, तर लक्षणांची वाट न बघता तडक पशुवैद्यांकडे जा.

पांढरंच फूल हवं ना? मग मोगरा लावा. मांजरांना त्याचा धोका नाही, कुंडीत वर्षानुवर्षं राहतो आणि घर बदललं तरी तुमच्याबरोबर येईल.

रक्षेबाबत मात्र मी केलेली चूक तुम्ही करू नका. आमचा कुत्रा मोती गेला, तेव्हा मी सगळी रक्षा मोगऱ्याच्या बुंध्याशी ओतली आणि हाताने थापून बसवली. पाणी घातल्यावर तिचा घट्ट थर झाला. पंधरवड्यात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, बोटात धरलं की चुरा व्हायचा. मोती दुसऱ्यांदा चाललाय, असंच वाटलं मला. रक्षेत क्षार खूप असतात, तिचा सामू (पीएच) 11-12 च्या घरात जातो, म्हणजे ती फार अल्कधर्मी असते. मुळांना ते सोसत नाही. झाड उपटून मुळं धुतली, नव्या मातीत लावलं, तेव्हा कुठे दीड महिन्याने एक कोंब आला.

म्हणून दोनच चमचे रक्षा घ्या, भरपूर माती आणि कंपोस्टमध्ये नीट कालवा आणि कुंडीच्या तळाशी घाला. वर साधी माती. उरलेली डब्यात राहू दे, सगळी एकदम देऊन टाकायची घाई कशाला? झाड जोमात आलं की वीतभर काडी कापून दुसऱ्या कुंडीत लावा. आमचा मोगरा आता तीन कुंड्यांत आहे, त्यामुळे एखादं झाड मरगळलं तरी माझा जीव खालीवर होत नाही.

मोकळी माती दिसली की चिंगी उकरणार, तेव्हा वर गुळगुळीत गोटे पसरा. आणि कापशी जिथे ऊन खात पसरायची, कुंडी तिथेच ठेवा. मोगऱ्याला भरपूर ऊन लागतं, आणि घरातली उन्हाची जागा मांजरांइतकी कुणालाच ठाऊक नसते.