नावं राहू द्या, मूठभर माती दाखवा

प्रश्न: सर, गडचिरोलीकडच्या शाळेत नववीच्या पोट्ट्यांना सोफोक्लीसचं 'अँटिगनी' हे जुनं ग्रीक नाटक सांगायचंय, पण नावं ऐकूनच फिदीफिदी हसतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर: नावं राहू द्या मॅडम. सरळ सांगा, दोन भाऊ गादीसाठी एकमेकांच्या हातून मेले, राजा झालेला सख्खा मामा म्हणतो एकाला मानानं पुरा, दुसऱ्याला कुत्र्या-गिधाडांना राहू द्या, अन् बहीण जाऊन त्याच्यावर मूठभर कोरडी माती टाकते, शिक्षा मरण. इथंच थांबा अन् विचारा, तुम्ही काय केलं असतं? वर्गात भांडण लागलं पाहिजे बाप्पा! १५ जणांचा कोरस म्हणजे कीर्तनात मागं धृपद धरणारे टाळकरी समजा, फक्त हे राजालाही सल्ला देतात. झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसणारी पोरं आहेत ती, २४०० वर्षांहून जुनं आहे हे शेवटी सांगा.