बँड सॉचे ब्लेड दुसऱ्याच पाइपवर का तुटले?

भाऊ, मशीन परत करायची घाई करू नका. तुम्ही लिहिलेय त्यावरून दोष मशीनचा वाटत नाही. बॅटरीवरचा पोर्टेबल बँड सॉ, म्हणजे गोल फिरणाऱ्या पट्टीच्या ब्लेडची हातकरवत, नवा घेतला, सोबत आलेलेच ब्लेड लावून एसएस (स्टेनलेस स्टील) रेलिंगचे चौकोनी पाइप कापायला घेतले, मशीनने हिसका दिला, कट तिरका गेला आणि दुसऱ्या पाइपवर ब्लेड तुटले. त्यात गोव्यातल्या पेडण्यातले घर चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, पूर्ण करून द्यायचेय, म्हणजे डोके तापणारच. पण ग्राइंडरची सवय असलेला हात बँड सॉवर गेला की जवळपास प्रत्येकाचे हेच होते.

आधी हिसक्याचे सांगतो, कारण इजा त्यानेच होते. ब्लेडच्या तोंडापाशी एक धातूचा आडवा तुकडा असतो, तो स्टॉपर. चालू ब्लेड पाइपला त्या स्टॉपरच्या दिशेने ओढते. स्टॉपर पाइपला आधीच टेकलेला असेल तर ओढायला जागाच उरत नाही आणि मशीन शांतपणे कापते. मध्ये दोन बोटांचे अंतर असेल तर दात पाइपला धरतात आणि अख्खे मशीन धाडकन पुढे जाऊन आपटते. मनगट मुरगळते ते तेव्हा, आणि ब्लेडही तेव्हाच मोडते. म्हणून क्रम असा: पाइप व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट, ब्लेड पाइपपासून किंचित वर, स्टॉपर टेकवलेला, दोन्ही हात दोन्ही मुठींवर. मग ट्रिगर, ब्लेडला पूर्ण वेग येऊ द्यायचा आणि त्यानंतरच हळूच खाली टेकवायचे. एका हाताने पाइप धरून दुसऱ्या हाताने मशीन चालवणारे आपल्याकडे साइटसाइटवर दिसतात. ते करू नका, पाइप कितीही छोटा असो.

आता ब्लेड. त्यावर इंचात किती दात ते छापलेले असते: 10, 14, 18, 24. कापायच्या धातूच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात बसले पाहिजेत, हा जुना नियम. सोबत आलेले ब्लेड 18 दातांचे असेल तर त्यावर दोन दातांमधले अंतर सुमारे 1.4 मिमी, म्हणजे तीन दात बसायला चारेक मिमी जाडी हवी. तुमचा रेलिंगचा पाइप 16 किंवा 18 गेजचा असणार, म्हणजे भिंत 1.6 किंवा 1.2 मिमी. 1.2 ची भिंत दोन दातांच्या मधल्या खाचेत अख्खी अडकते, 1.6 च्या भिंतीवरही जेमतेम एखादा दात असतो, आणि तो उपटला जातो. एक दात गेला की शेजारचे भराभर जातात. 24 दातांचे ब्लेड घ्या. तिथेही अंतर 1 मिमीच्या थोडे वरच आहे, त्यामुळे इतक्या पातळ भिंतीला तीन दातांचा नियम पुरता पाळला जात नाहीच. उरलेली कसर हाताने भरून काढावी लागते.

ती अशी. चौकोनी पाइप सपाट बाजू वर करून बांधा, कोपरा वर करून नको. सुरुवातीला ब्लेड वरच्या भिंतीवर पूर्ण रुंदीभर टेकते, पुष्कळ दात एकदम लागतात आणि आवाज एकसारखा, जड येतो. वरची भिंत संपली की आवाज एकदम पातळ आणि खरखरीत होतो, कारण आता फक्त दोन बाजूंच्या भिंती उरल्या. नेमका इथे हात सैल करायचा. मशीनचे वजन पुरेसे आहे, उलट थोडे वजन तुम्हीच उचलून धरायचे. शेवटची भिंत आली की आवाज पुन्हा जड होतो, आणि ती कापून होत आली की मशीन पूर्ण पेलून धरा, नाहीतर ते खाली पायावर किंवा गुडघ्यावर येते. हाफ पँट आणि चपला घालून काम करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. गोल पाइपला हा प्रश्न कमी. अँगल (एल आकाराचा लोखंडी बार) उलट्या व्हीसारखा, पाठ वर करून ठेवा. पट्टी आडवी झोपवून कापा, उभी नको.

हलका हात म्हणजे नुसते घासणे मात्र नव्हे. एसएसवर ब्लेड न कापता घासत राहिले की तिथला धातू कडक होतो आणि मग त्याच रेषेत दात बोथट होत जातात. धातूचा कीस बारीक, वळलेला आणि हाताला कोमट लागला तर जमतेय. कीस भुकटीसारखा पडत असेल तर दाब कमी आहे किंवा ब्लेड संपले आहे. निळा पडला तर वेग किंवा दाब जास्त. वेगाचा डायल एसएसला खालच्या आकड्यांवर, साध्या लोखंडाला मध्यावर, अॅल्युमिनियमला पूर्ण. नवीन ब्लेडचे पहिले काही कट सगळ्यांत सौम्य हाताने घ्यायचे, त्याने दातांची अतितीक्ष्ण टोके तुटण्याऐवजी बसतात आणि ब्लेड पुढे बराच काळ टिकते.

तुम्ही बहुतेक आणखी एक केले असणार: जुने ब्लेड अर्ध्या कटात तुटले आणि नवे लावून त्याच खाचेत घातले. नव्या ब्लेडच्या दातांची पसर झिजलेल्या ब्लेडपेक्षा रुंद असते, ते जुन्या खाचेत अडकते. पाइप फिरवा आणि दुसऱ्या बाजूने नवा कट सुरू करा.

तिरक्या कटाचे कारण बहुधा दाबच. पट्टीसारखे पातळ ब्लेड दाबले की ते वाट सोडून बाजूला वळते. दाब कमी करूनही तिरके जात असेल तर ब्लेड ताणणारा टेन्शनचा खटका पूर्ण फिरलाय का आणि ब्लेडची पाठ मागच्या रोलरला लागतेय का ते बघा. एका बाजूचेच दात झिजले असतील तर ब्लेड फेकून द्या, त्याला उपाय नाही.

पाइप दोन्ही टोकांना टेकवून मधोमध कापू नका. कट अर्ध्यावर गेला की पाइप वाकतो, खाच मिटते आणि ब्लेड चिमटीत सापडते. व्हाइस कटाच्या अगदी जवळ असावा आणि पडणारी बाजू मोकळी. शिडीवर उभे राहून शेडचा पाइप कापायचा असेल तर तुटून पडणारा तुकडा आधी दोरीने बांधा, आणि ट्रिगरचे लॉक वापरू नका. पावसाळ्याच्या तोंडावर पत्र्याच्या शेडींची कामे कशी हातघाईवर येतात ते तुम्हाला सांगायला नको.

हाच सॉ उभा बांधून, ट्रिगरला प्लॅस्टिकची पट्टी आवळून टेबलावर छोटे तुकडे कापायची टूम हल्ली फार आहे. माझा त्याला साफ विरोध आहे. पट्टीने आवळलेले मशीन गरज पडेल तेव्हा बंद होत नाही आणि बोटे उघड्या ब्लेडसमोर जातात. टेबलच हवे तर त्या मॉडेलसाठी बनलेले, गार्ड आणि वेगळा स्विच असलेले घ्या.

चष्मा हवाच. ठिणग्या उडत नाहीत म्हणून लोक गाफील राहतात, पण डोक्यावरचे काम करताना कीस सरळ डोळ्यात येतो. कीस तोंडाने फुंकू नका, ब्रश वापरा. सैल सुती हातमोजे, लांब बाह्या, मनगटातला दोरा किंवा कडे कापताना नको. ब्लेड बदलताना मात्र जाड हातमोजे घाला आणि बॅटरी आधी काढा. गुंडाळलेले ब्लेड सोडले की ते स्प्रिंगसारखे चेहऱ्याकडे उसळते.

तेल किंवा पाणी ओतू नका. चाकांवर रबराचे टायर असतात, ते ओले झाले की ब्लेड घसरते. फार वाटले तर कटिंग वॅक्सची कांडी ब्लेडला लावा.

एवढे सगळे असूनही ग्राइंडर विकू नका. घराच्या भिंतीला चिकटून कापायचे असेल किंवा पत्रा कापायचा असेल तर बँड सॉ तिथे चालत नाही. पण रेलिंगसाठी हाच बरा. लोखंडावर वापरलेले कटिंग व्हील एसएसला लावले की लोखंडाचे कण त्यात रुततात, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तिथे गंजाचे ठिपके फुटतात. गिऱ्हाइकाला मग 304 या चांगल्या एसएसच्या नावाखाली 202 हे हलके एसएस दिल्याचा संशय येतो. एसएससाठी ब्लेडसुद्धा वेगळे ठेवा.

दुकानात जाण्याआधी एवढे करा. बॅटरी काढा, ब्लेड काढा आणि दोन्ही चाके हाताने फिरवा. चालवणाऱ्या चाकाला मोटरचा थोडा जडपणा जाणवेल, तो असणारच. दुसरे चाक मोकळे, न डुगडुगता फिरायला हवे. टायर कुठे फाटलाय का, त्याखाली कीस साचलाय का, मागचा रोलर फिरतोय का ते पाहा. मग बायमेटलचे (दोन धातू जोडून केलेले) 24 दातांचे ब्लेड, मशीनवर लिहिलेल्या लांबीचेच, लावून एक तुकडा कापा. मोठ्या मशीनना सहसा 1140 मिमीचे लागते, छोट्यांची लांबी कंपनीगणिक वेगळी. चाक डुगडुगत असेल किंवा नव्या ब्लेडनेही कट तिरकाच जात असेल, तर वॉरंटीचा कागद घेऊन जा.